ठमाईचं वळण आणि अकरावी गाडी

केळदरीच्या घाटात माझ्याइतका तरबेज गाडीवान आजवर झाला नाही, हे मी छाती ठोकून सांगतो. आता खरं विचाराल, तर या घाटात मी बैलगाडी एकदाच हाकली, आणि ती अजून दरीतच आहे. बैल माझ्यापेक्षा शहाणे, जुवाचे पट्टे तोडून वरच राहिले. पण गोष्ट माझी नाही. आमची अंजिरा तिथं कोपऱ्यात तांदूळ निवडत बसलीय, ती मधेच काहीतरी बोलेल. बायकोचं बोलणं मी चाळीस वर्षं ऐकतोय, तुम्ही एक दिवस नाही ऐकलंत तरी चालेल.

तर फार फार मागं, तुमच्या पणज्याला दुधाचे दात होते तेव्हा, घाटात डांबर नव्हतं. खालून मीठ वर यायचं, वरून गूळ खाली जायचा. आणि मधे ते वळण. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी, वाट एका गाडीपुरती. पलीकडचं काही दिसायचं नाही. आणि भरल्या गाडीला मागं सरता येत नाही, हे ज्यानं बैल पाहिलेत त्याला सांगायला नको. ज्यानं नाही पाहिले, त्यानं हातातला मोबाईल खाली ठेवावा.

त्या वळणावर ठमा नावाच्या बाईचा नवरा गेला. तो उतरत होता, समोरून मिठाची गाडी आली. दोघंही म्हणाले, वाट काय तुझ्या एकट्याची? मी का थांबू? बोलणं दोघांचंही खरं होतं. असं म्हणतात, तीन दिवस दोघं समोरासमोर उभे राहिले. चौथ्या दिवशी धुकं उतरलं, आणि ते हटलं तेव्हा वाट मोकळी होती. दरीत डोकावायचं धाडस कुणी केलं नाही.

नवऱ्याचं फुंकायचं शिंग तेवढं कपारीत अडकलेलं सापडलं. ते घेऊन ठमा वळणावर जाऊन बसली. ती जन्माची आंधळी. पण असं म्हणतात, कोसभरावरच्या चाकाची कुरकुर ऐकून ती सांगायची, गाडी भरलेली की रिकामी, आणि कितव्या आऱ्याला भेग आहे. तिनं नियम घातला. शिंग एकदा वाजलं की चढणाऱ्यांनी यायचं, दोनदा वाजलं की उतरणाऱ्यांनी. पहिला मान चढणाऱ्याचा, कारण चढावर भरली गाडी थांबली की मागं घरंगळते.

लोक हसले. खडकटेकचा पाटील म्हणाला, "घाट काय तुझ्या बापाचा आहे का गं?"

ठमा म्हणाली, "बापाचा असता तर शिंग कशाला फुंकलं असतं, पाटील? सगळ्यांचा आहे, म्हणून फुंकतेय."

पाटील थांबला. रागानं थांबला, पण थांबला. समोरून सात गाड्या धडधडत गेल्या, तेव्हा त्यानं पागोटं काढून हातात घेतलं. तिला पाटलाची गाडी आणि तेल्याची गाडी सारखीच ऐकू यायची. त्या दिवसापासून ठमाची ठमाई झाली. तिनं शिंग फुंकलं की धुकं दुभंगायचं, आभाळातल्या घारी गिरकी अर्धीच ठेवायच्या, असं म्हणतात.

फक्त एकजण तिला मानत नव्हता. तिचा जावई, रंगोजी. "मी कुणाचा बांधील नाही," हे तो जेवताना पण म्हणायचा.

एकदा भर दुपारी हाताला हात दिसू नये असं धुकं पडलं. रंगोजी वरून गाडी घेऊन आला. गाडीत त्याची बायको, ठमाईची एकुलती लेक हौसा. दिवस भरलेले, मूल आडवं, आणि सुईण घाटाच्या पायथ्याशी.

"मामी, हौसा आहे गाडीत. शिंग दोनदा वाजवा."

"एकदा वाजून गेलंय, जावईबापू. अकरा गाड्या चढाला लागल्यात."

"थांबवा त्यांना."

"चढावर?"

"पोटची लेक आहे तुमची."

गाडीत हौसा कण्हली. ठमाईनं शिंग ओठांपर्यंत नेलं, आणि खाली घेतलं. एवढंच. पण तेवढ्यानं समोरच्या कड्याला वरपासून खालपर्यंत चीर गेली. ती चीर मी स्वतः पाहिलीय, आणि एवढ्यापुरतं मी खोटं बोलत नाही.

रंगोजीनं आसूड उगारला. असं म्हणतात, बैलांनी गुडघे टेकले आणि माना जमिनीला लावल्या. काही केल्या उठेनात. ठमाई मोठ्यानं मोजू लागली. एक गेली. दोन गेल्या. दर आकड्याला लेक कण्हायची, आणि आईचा आवाज तसूभर हलला नाही. केस मात्र हलले. पहिल्या गाडीला काळे होते, दहाव्या गाडीला पांढरेशुभ्र.

अकरावी गाडी वळणावर आली आणि आपोआप उभी राहिली. मिठाच्या पोत्यांवरून सुईण खाली उतरली.

सुईण मिठाच्या पोत्यांवर काय करत होती, असं मी लहानपणी घाटातून जाताना आज्याला विचारलं होतं. त्यानं मला गाडीतून उतरवून घरापर्यंत चालत आणलं. तुम्ही विचारू नका.

तिथंच, वळणावर, हौसाला मुलगी झाली. मायलेकी सुखरूप. रंगोजी त्या अकराव्या गाडीच्या चाकाला हात लावून बसला होता. तो पुढं घुसला असता तर वळणावर त्याला हेच चाक भेटलं असतं. त्यानं आसूड खाली ठेवला. तेव्हा ठमाईनं शिंग दोनदा वाजवलं.

पुढं एका सकाळी शिंग वाजलं, गाड्या गेल्या, आणि पाहतात तर ठमाईची जागा रिकामी. शिंग कुठंच नाही. धुक्यात ते अजून वाजतं, असं म्हणतात.

आता रस्ता रुंद झाला. तरी उतरणारी प्रत्येक गाडी, एसटीसुद्धा, वळणावर थांबते. इंजिन बंद करायचं, गप्प राहून अकरा मोजायचं, तिच्या दगडावर चिमूटभर मीठ ठेवायचं आणि निघायचं. नवरदेवाची गाडीही सुटत नाही.

आणि मी विचारतो, समोर चिटपाखरू नाही, रस्ता मोकळा, देश मोकळा, मग थांबायचं कुणासाठी? मी तर त्या एका खेपेला मुळीच थांबलो नव्हतो.

अंजिरानं सूप खाली ठेवलं.

"तुमची गाडी दरीत गेली, तेव्हा माझा बा वळणावर गप्प उभा राहून अकरा मोजत होता, म्हणून त्याला तुमची हाक ऐकू आली. तो तुमच्यासारखा न थांबता गेला असता, तर आज मी कुणासाठी तांदूळ निवडत बसले असते?"