खपलीनं दडवलेला बटवा

फार वर्षांपूर्वी, शरीरातली मंडळी एकमेकांशी बोलत तेव्हाची ही गोष्ट. कुंभाराच्या गाढवाचा गुडघा फुटला आणि जखमेवर खपली बसली. ऊन, धूळ, माश्या, सगळं तिनं अंगावर घेतलं. पण खाली तुटून पडलेल्या रक्तवाहिन्या गुण गायच्या ते मूळपेशीचे.

मूळपेशी हाडाच्या पोकळीत बसून नुसते बारीक बारीक बटवे धाडायची. बटवा पोचला की रक्तवाहिनीला कोवळी फांदी फुटायची.

"आत्याबाईंच्या हाताला काय गुण आहे!" रक्तवाहिन्या म्हणायच्या.

खपलीचा तिळपापड व्हायचा. "राबायचं मी आणि कौतुक घरात बसलेल्या बाईचं!"

एके दिवशी तिनं एक बटवा आपल्या कडेखाली दडवला. उघडून पाहिला, तर आत औषध नाही की लेप नाही, नुसता निरोप होता: "फूट गं, तुला जमेल." खपली पडली वाळकी, तिला कुठली फांदी फुटायला! ती आणखीच जळफळली.

चार दिवसांत सगळीकडे नवी कातडी आली. दडवलेला बटवा जिथं पोचायचा होता तो जखमेचा कोपरा तेवढा ओला राहिला आणि खपली त्याच कोपऱ्याला लोंबकळत राहिली. गाढव लंगडलं की तिला हिसके बसायचे. शेवटी चरफडत तिनं बटवा सोडला. कोपरा भरला आणि ती धुळीत गळून पडली.

नव्या कातडीनं विचारलं, "आत्याबाई, माझ्याआधी इथं कोण होतं?"

"खपली," मूळपेशी म्हणाली. "तिनं झाकलं म्हणून तर माझे बटवे कामी आले. हे तिला सांगायचंच राहिलं बघ."