एकच उरलेली वॉर्निंग

"सर, बटण दाबलं की कर्सर थेट पुढच्या वॉर्निंगवर गेला तर?"

खांबेटे सर पेरूच्या फोडींना तिखटमीठ लावत होते. मिरजेतल्या घराच्या माडीवर ते दोघांना प्रोग्रॅमिंग शिकवत. सौमित्रला, आणि स्वतःच्या मुलीला, मेघनाला. कोड नीटनेटका नसेल तिथे संगणकावरचा एडिटर वॉर्निंग दाखवी. एकेक वॉर्निंग शोधत वरखाली फिरणं सौमित्रला कमीपणाचं वाटे.

"माकडाला उडी हवीच," सर म्हणाले. "मेघना कोल्हापूरहून आली की तिला विचार. तुमच्या दोघांच्या प्रोग्रॅममधलं निम्मं काम तिचं आहे."

तेवढ्यात फोन वाजला. हातकणंगल्याजवळ बस उलटली होती. मेघना जागीच गेली होती.

पेरू ताटलीत तसाच राहिला.

तेराव्यानंतर सौमित्र माडीवर आला. प्रोग्रॅम त्याने पुरा केला होता.

"उद्या सगळ्यांसाठी खुला करतो, सर. प्रोग्रॅम त्याच्या स्वतःच्याच कोडवर चालवून दाखवू?"

सरांनी मान हलवली.

सौमित्रने बटण दाबलं. कर्सर एका ओळीवर गेला. पुन्हा दाबलं. तीच ओळ.

"बिघडलंय?"

"नाही सर. शेवटची वॉर्निंग झाली की तो परत पहिलीवर येतो. आता एकच उरलीय, म्हणून..."

सरांनी लॅपटॉप ओढून घेतला. बटण दाबलं. तीच ओळ. पुन्हा दाबलं...

बराच वेळ ते दाबत राहिले.

"ओळ लांब झालीय, एवढंच," सौमित्र हळू म्हणाला. "मधे तोडली की झालं. सेकंदाचं काम आहे."

"कोणी लिहिलीय?"

सौमित्रने मेघनाच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं.

माडीवरचा नियम त्याला पाठ होता. ज्याची ओळ, त्यानेच ती सुधारायची. दुसऱ्याने हात लावायचा नाही. आणि एकही वॉर्निंग असेपर्यंत काम बाहेर द्यायचं नाही.

"मग हे कधीच बाहेर जाणार नाही, सर. तिचंही नाव आहे त्यावर."

सरांनी लॅपटॉप त्याच्यापुढे सरकवला.

"तोड."

सौमित्रने बोट कळीवर ठेवलं. ते तिथेच राहिलं...

"का रे? सेकंदाचं काम ना?"

"नाही होत, सर."

सरांनी लॅपटॉप मिटला. त्यावर हात ठेवून ते बसून राहिले.

"मेघनाची एक ओळ सुधारायची राहिली आहे," ते म्हणाले.