पिवळ्या धाग्याची चोरी

वस्तू एकमेकींच्या घरात डोकवायच्या, त्या फार जुन्या काळची गोष्ट. एका वेधशाळेच्या खिडकीपाशी काचेचा एक तिकोनी लोलक राहायचा. कुणाचाही उजेड आला की तो उसवून त्याचे रंग भिंतीवर मांडायची त्याला भारी हौस.

एकदा त्याने सूर्याचा वर्णपट मांडला, तर पिवळ्या पट्ट्यात बारीकशी काळी रेघ. तिथला धागाच गायब! दुपारी मेजावरची स्पिरिटची दिवली पेटली. तिच्या वातीला मीठ लागलेलं होतं. तिच्या पटात एकच पिवळी रेघ उमटली, आणि तीही नेमकी त्याच जागी.

"सापडली चोरटी," लोलक दुर्बिणीच्या कानात कुजबुजला. संध्याकाळपर्यंत सगळ्या खोलीला कळलं. "काय गं दिवले, सूर्याचं नेसून मिरवतेस होय?" घड्याळानेही टोमणा मारला. दिवली विझून कोपऱ्यात जाऊन बसली.

सकाळी लोलकाने मोठ्या ऐटीत सूर्याला चोरीची हकिगत सांगितली.

सूर्य म्हणाला, "अरे, तिच्या मिठात जे आहे, तेच माझ्या अंगाभोवतीच्या वाफेतही आहे. ती वाफच तो रंग वाटेत पिऊन टाकते, म्हणून ती काळी रेघ. दिवली माझ्या नात्यातली निघाली की रे. कुठाय ती?"

कोपऱ्यातून दिवली लोलकाकडेच बघत होती. तोंड लपवायला तो पाठमोरा झाला. पण अंग काचेचं, त्याला पाठ कुठली? पलीकडून त्याचं तोंड दिसतच राहिलं.