खंडेनवमीची बादली

एकदा एक पन्नाशीचा शिष्य आपल्या वृद्ध गुरुजींकडे आला आणि वाकून नमस्कार करता करताच विजेविषयी बोलू लागला. पूर्वीचे शिष्य गुरूंना आत्म्याविषयी विचारत असत म्हणे. आमच्या या दिगंबराचा आत्मा सध्या घराच्या गच्चीवर, आठ सोलर पॅनेलपाशी अडकला होता. गुरुजींनी त्याला शाळेत विज्ञान शिकवले होते, त्यामुळे तक्रार योग्य जागी आली एवढे खरे.

त्या पॅनेलवर त्याच्या पत्नीची, कुंदाची, पिठाची चक्की चालत असे. दुपारी वीज जाणे हा त्या गावाचा नित्यनेम. अशा वेळी आळीतल्या बायका डबे घेऊन कुंदाच्या ओसरीवर येत, गप्पा रंगत आणि ताज्या ज्वारीच्या पिठाचा वास घरभर पसरे. चक्की हे तिचे स्वतःच्या हिमतीवर उभे केलेले काम होते. पण गेल्या दोन वर्षांत ती चक्की अर्ध्यावर धापा टाकू लागली आणि एकेक डबा दुसऱ्या गिरणीकडे वळला.

"हमीदभाई दुकान बंद करून लेकीकडे राहायला गेले आणि घराची रयाच गेली, गुरुजी," दिगंबर म्हणाला. "पॅनेल त्यांनीच बसवली होती. नऊ वर्षं एक दिवस त्रास झाला नाही. आता कोणी हात लावायला तयार नाही. ज्यानं बसवलं त्यालाच बोलवा म्हणतात. शहरातला एक विक्रेता येऊन गेला, तो म्हणतो सगळं काढून नवं बसवा. परवा दसऱ्याच्या मुहूर्तावर त्याला हो म्हणायचं ठरतंय. कुंदा तर म्हणते, नवं नको न जुनं नको, चक्कीच विकून टाका."

हमीदभाई गुरुजींच्याही चांगल्या ओळखीचे. हा उंच, किडकिडीत माणूस सायकलला शिडी बांधून गावभर हिंडायचा. दर महिन्याला न बोलावता यायचा, 'जरा बघून जातो' म्हणत गच्चीवर चढायचा, उतरल्यावर आल्याचा चहा घ्यायचा आणि दारातल्या मोगऱ्याची चौकशी करून निघायचा. अशी माणसे जवळ असतात तेव्हा आपल्याला त्यांचे काही वाटत नाही. ती गेल्यावर मात्र चहाचा एक कप उगाच जास्त टाकला जातो. माझ्याही घरी असे एक माणूस येत असे, आणि त्याची आठवण मला आजही कासावीस करते.

"उद्या खंडेनवमी आहे ना? उजाडताच येतो," गुरुजी म्हणाले. "ऊन चढायच्या आत."

दुसऱ्या दिवशी ते पोहोचले तेव्हा कुंदा पूजेचे ताट घेऊन गच्चीवर उभी होती. खंडेनवमीला अवजारांची पूजा करायची, या रीतीने त्यांच्याकडे पॅनेलचीही पूजा होत असे. पूर्वी ती काचेवर हळदकुंकू लावायची. ते परतीच्या पावसात धुऊन जाते, असा तिचा समज होता. हमीदभाई गेल्यापासून मात्र तिने प्रत्येक पॅनेलवर तेलात कालवलेल्या शेंदराचे ठसठशीत स्वस्तिक काढायला सुरुवात केली होती.

"भाई नाहीत, आता देवानंच सांभाळायला हवं," ती म्हणाली. "म्हणून पावसानं जाणार नाही असं लावते."

तिची श्रद्धा खरी होती, आणि शेंदूरही पक्का होता. जवळच्या वीटभट्टीची दोन वर्षांची धूळ त्या तेलावर बसून काळा थर जमला होता.

गुरुजींनी तो नखाने खरवडून पाहिला. त्यांनी बादलीभर पाणी, मऊ सुती फडके आणि एक लांब बांबू मागवला. फडके बांबूच्या टोकाला बांधले. मग कुंदाच्या हातून ताट घेऊन, पॅनेलकडे ढुंकूनही न पाहता, त्यांनी बादलीला गंध लावले, बांबूला हळदकुंकू वाहिले, वर झेंडूचे फूल ठेवले आणि हात जोडले.

कुंदाचा चेहरा उतरला. दिगंबरालाही ते रुचले नाही. वयामुळे गुरुजींचे भान सुटले की काय, अशी शंका त्याच्या मनाला चाटून गेली.

"गुरुजी, पूजा पॅनेलची करायची होती," तो चाचरत म्हणाला.

गुरुजी कुंदाकडे वळले. "हमीद दर महिन्याला तुमच्याकडे कशासाठी यायचा गं?"

"चहाला," ती पटकन म्हणाली. मग जरा थांबून, "म्हणजे वर बघून यायचे आधी."

"नुसतं बघायला ओलं फडकं कशाला लागतं? माझ्या गच्चीवरच्या पॅनेलपाशी यायचा तेव्हा त्याच्या खांद्यावर असायचं. काचेवर एक डाग बसून राहिला तर साऱ्या रांगेचा जोर जातो, हे मला त्यानंच शिकवलं. दिगंबर, पॅनेल बसवायला त्याला दोन दिवस लागले असतील. सांभाळायला नऊ वर्षं लागली. आपण बसवणारा लक्षात ठेवला आणि सांभाळणारा विसरलो. नव्या पॅनेलवरही हीच धूळ बसणार आहे. बसवणारा परत आला नाही तरी चालेल, सांभाळणारं मात्र या घरात कोणीतरी व्हायला हवं. आज अवजारांची पूजा ना? मग हे घ्या तुमचं अवजार."

दिगंबर खाली जाऊन पॅनेलचा स्विच बंद करून आला. काचेवर ओरखडे नकोत म्हणून घासणीला गुरुजींनी हात लावू दिला नाही. साबणाच्या पाण्याने तो थर सुटता सुटेना, पण कुंदाने पदर खोचला आणि नेटाने एकेक स्वस्तिक उतरवले. एका पॅनेलच्या वायरचे आवरण मात्र थोडे जळलेले निघाले. ती वायर जाणत्या वायरमनकडूनच बदलून घ्या, असे गुरुजींनी बजावले. आठही काचांत आभाळ दिसू लागले.

दुपारी नेमाप्रमाणे वीज गेली. कुंदाने घरचाच डबा चक्कीत ओतला. पहिला पायलीभर दाणा संपेपर्यंत दिगंबर श्वास रोखून उभा होता. चक्की थांबली नाही. विक्रेत्याला नको म्हणून कळवायला तो बाहेर गेला, आणि कुंदाने हमीदभाईंना फोन लावला.

"भाई, आमच्या पॅनेलवरचं कुंकू दरवर्षी तुम्ही काढत होता?"

पलीकडे हमीदभाईंनी घसा खाकरला.

"वहिनी, तुम्ही इतक्या मनानं लावायच्या. सवाष्णीच्या हातचं कुंकू मी पुसतो, हे कोणत्या तोंडानं सांगणार? चार दिवस राहू द्यायचो, मग यायचो."

कुंदाच्या मागे चक्की फिरत होती.

"आवाज येतोय," हमीदभाई हळूच म्हणाले. "ज्वारी का गहू?"

"ज्वारी," तिने डोळ्यांना पदर लावला. "आता फडकं मी मारीन, भाई. दर महिन्याला."