एकही हरकत नाही

आमच्या पंपांच्या कंपनीची वार्षिक परिषद भरली, तेव्हा मोबाइलवर एक ग्रुप उघडला गेला. नाव काय, तर 'मोकळा संवाद'! तो उघडला नसीम मुलाणीने, कारण कंपनीचे संगणक तीच बघते. पण संचालक टिळेकर साहेबांनी तिला बजावलं, "मेसेज फक्त मला टाकता आले पाहिजेत. बाकीच्यांनी वाचायचं."

सकाळीच त्यांचा मेसेज आला : 'दुसऱ्या शनिवारची सुट्टी बंद. कोणाची हरकत असल्यास बारापर्यंत इथेच कळवा.'

कळवा म्हणे! आईला दवाखान्यात न्यायला मला तेवढाच शनिवार मिळतो. आम्ही चारशे माणसं नुसती स्क्रीनवर बोटं आपटत बसलो.

बारा वाजता साहेब व्यासपीठावरून खुशाल म्हणाले, "एकही हरकत आली नाही. ठराव एकमताने मंजूर!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नसीम मात्र शांतपणे उठली. सभागृहातले माइकही तीच सांभाळत होती. आपला माइक घेऊन ती म्हणाली, "माझाही एक ठराव आहे. शनिवारची सुट्टी कायम राहावी. साहेब, तुमची काही हरकत?"

साहेब तावातावाने बोलू लागले. ओठ हलले, हात हलले, पण आवाज पहिल्या रांगेपलीकडे पोचेना.

"साहेबांची एकही हरकत आली नाही," नसीम म्हणाली. "लिहून घ्या, एकमताने मंजूर!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. साहेबांनी धावत येऊन तिचा माइक हिसकावला. "माझा माइक बंद कोणी केला?"

"मीच केला, साहेब. मोकळ्या संवादाची तुम्ही सांगितलेली सेटिंग इथेही लावली."