कोरड्या ओढ्यातले पाणी

माळाच्या कडेला असलेल्या एका टेकडीवर एक मुंगूस परत राहायला आला होता. शहरातल्या शाळेच्या पायरीखाली त्याने बरीच वर्षे काढली होती, आणि वर्गातले सारे कानावर पडल्यामुळे आपण विद्वान झालो, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. टेकडीवर मात्र वेळ बिकट होती. सिंहमहाराजांनी फर्मान काढले होते : उन्हाळ्यात जिथे पाणी नाही ती टेकडी ओसाड समजावी आणि दगडासाठी कोल्ह्याला खोदायला द्यावी. कोल्ह्याची रानडुकरे आलीही. पण अंगभर काट्यांची म्हातारी साळू टेकडीवरच्या सगळ्यांना घेऊन पायवाटेवर आडवी बसली, ती अकरा दिवस उठली नाही. शेवटी महाराजांचा कारभारी गवा स्वतः पाहणीला निघाला. त्याला पाणी दिसले नाही, तर संध्याकाळपर्यंत एकही बीळ शिल्लक राहणार नव्हते.

"मी कारभाऱ्यांना जलचक्र समजावतो," मुंगूस म्हणाला. "प्रथम बाष्पीभवन..."

"ते पिता येतं का, मास्तर?" भेकराने विचारले.

साळूआजी कोरड्या ओढ्यात उतरली. वाळू हुंगत ती उंबराच्या मुळांपाशी थांबली. "इथं उकर. वीतभरच. मग पंजे आवर आणि बस."

मुंगसाने उकरले. तळाशी नुसती ओल. तेवढ्यात चढणीवर गव्याची शिंगे दिसली. मुंगसाचा धीर सुटला; त्याने घाईने आणखी चार पंजे मारले, आणि कड ढासळून खड्डा बुजला.

"शाळेत थांबायला शिकवत नाहीत वाटतं?" आजी म्हणाली. "परत उकर." मग ती गव्याकडे वळली. "साहेब, तिथंच उभे राहा. तुमचं पाऊल पडलं की वाळू बसते."

गव्याला आजवर कुणी थांबवले नव्हते. त्या आश्चर्यानेच तो थांबला.

"वाळूची पूजा चाललीय, साहेब," गव्यामागून आलेला कोल्हा हसला. "ऊन फार आहे. हुकूम द्या आणि सावलीत चला."

मुंगसाने वीतभर उकरून पंजे पोटाखाली दाबले. गव्याने कंटाळून मान वळवली. मुंगसाच्या पंजांना मुंग्या आल्या, पण तो हलला नाही. वाळू काळी पडली. मग चकाकली. मग खड्ड्यात आभाळाचा एवढासा तुकडा दिसू लागला.

"हे यांनी आणून ओतलंय!" कोल्हा ओरडला.

"मग पिऊन संपव," मुंगूस म्हणाला. "आम्ही बसतो."

कोल्ह्याने खड्डा चाटून कोरडा केला. पाणी पुन्हा वर आले. तेही तो प्याला. तिसऱ्यांदा आले, तेव्हा त्याचे पोट टम्म झाले होते.

"पुरे," गवा म्हणाला. "तू संपलास, पाणी संपलं नाही. ही टेकडी ओसाड नाही."

आता ती तरी खोदायला मिळवावी म्हणून कोल्हा डुलत डुलत शेजारच्या टेकडीच्या दिशेने चालू लागला. मुंगूस ताडकन उठला. "आजी, मी त्याच्या आधी पोचतो. तिथं ओल कुठं लागेल?"

"मला काय ठाऊक?" आजी म्हणाली. "तिथल्यांना विचार. आणि ते सांगतील तेवढंच उकर."

तात्पर्य : ज्या मातीसाठी लढायचे, तिची विद्या पिढ्यान् पिढ्या तिथे राहणाऱ्यांजवळ असते, त्यांच्या शेजारी बसल्याशिवाय ती येत नाही.