पंतांचं इंग्रजी आणि ठकूबाईचं लोणचं

गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर जेवताना निवळगडच्या महाराजांची मिशी सूपच्या वाडग्यात पडली!

दिवाळीत फुलबाजीने खरी मिशी जळाली, तेव्हापासून महाराज खोटी लावत. पाकिटं चिकटवायला म्हणून मुदपाकखान्यातून रोज वाटीभर डिंक येई. खरी गोष्ट फक्त मला, म्हणजे त्यांच्या इंग्रजी चिटणिसाला ठाऊक होती. आता साहेबालाही कळली.

सकाळीच मला बोलावणं आलं.

"पंत, साहेबाला लिहा, तोंड बंद ठेव म्हणावं. पण लपवण्यासारखं काही आहे, याचा वाससुद्धा तिसऱ्या माणसाला येता कामा नये. उद्या दुपारपर्यंत जमलं नाही, तर चिटणिशी सोडा आणि गावी जाऊन म्हशींना इंग्रजी शिकवा."

मी मनात हसलो. अडीच शेरांचा इंग्रजी कोश मी पाठ केला होता, वाळवीने खाल्लेली पानं वगळून. 'दिस मॅटर बी हेल्ड इन द स्ट्रिक्टेस्ट कॉन्फिडेन्स' असं झोकात लिहिलं. पाकिटावर लाल शाईने 'मोस्ट कॉन्फिडेन्शियल' घातलं, लाखेचे तीन शिक्के मारले आणि रिवाजाप्रमाणे पत्र लाल थैलीत घालून साहेबाकडे टपाल नेणाऱ्या भालदाराकडे निघालो.

"काय भानगड आहे, पंत?" पहारेकऱ्याने विचारलं. मग न्हाव्याने विचारलं. मग माझ्या बायकोने घरून निरोप पाठवून विचारलं. मी थैली काखेत दाबून पाय उचलला.

मुदपाकखान्याच्या दारात स्वयंपाकीण ठकूबाई लोणच्याची बरणी पुसत बसली होती. "पंत, गुपित धाडताय का दवंडी पिटताय?"

"तुला काय कळतंय इंग्रजीतलं?"

"आठ वरसं आदल्या साहेबाच्या मडमेकडं सैपाकाला व्हते. असली लाल थैली आली की साहेब हेडक्लार्कला हाक मारायचा. त्यो मोठ्यानं वाचायचा, दुसरा वहीत उतरवायचा, तिसरा शिक्का मारायचा. शिपाई दाराआडून ऐकायचा, ते येगळंच."

"मग ही माणसं गुपित राखायला सांगतात तरी कशी?"

"मडमेच्या हातनं साहेबाची लाडकी बशी फुटली, तवा ती हळूच म्हनली, 'डोन्ट टेल एनीवन.' बास. आजवर कुनाला बोलले न्हाई."

"आत्ता मला सांगितलंस की!"

"मडम विलायतेला गेली, बशी उकिरड्यावर. आता कुनापास्नं लपवू?"

एवढं साधं इंग्रजी लिहायचं? त्यात ना 'हियरबाय', ना 'व्हेअरॅज'! शेंबडं पोरही लिहील असं वाक्य. मला खरोखर रडू येत होतं, पण म्हशी डोळ्यांपुढे उभ्या होत्या. मी चिठोऱ्यावर लिहिलं, 'प्लीज डोन्ट टेल एनीवन', आणि खाली महाराजांची सही घेतली. ठकूबाईने चिठ्ठी बरणीच्या तोंडावर बांधलेल्या दादऱ्याखाली सारली.

"लोणच्यासंगं आलेली चिठ्ठी क्लार्क वाचत न्हाईत. बरनी साहेब सोताच उघडतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी रिकामी बरणी परत आली. आत साहेबाच्या हातची चिठ्ठी होती. मी दार लोटून महाराजांना अर्थ सांगितला, "नाही सांगणार, दोस्त. माझेही वरचे दात खोटे आहेत. तुम्हीही कुणाला सांगू नका."

महाराज गदागदा हसायला लागले. तेवढ्यात दार ढकलून ठकूबाई चहा घेऊन आत आली, आणि महाराजांची मिशी थेट कपात पडली.

मी लगेच पुढे सरसावलो. "ठकूबाई, सदरहू बाब अत्यंत गोपनीय असून..."

"पंत, गप्प बसा!" महाराज ओरडले.

ठकूबाईने शांतपणे कप उचलला. "दुसरा च्या आनते, महाराज. आन् आज डिंक पातळ झाला वाटतं. जरा घट्ट भिजवते."

"म्हणजे तुला ठाऊक होतं?" महाराजांनी विचारलं.

"दिवाळीपास्नं."

"आणि कुणालाच बोलली नाहीस?"

"पंतांनी लाल शाईनं कळवलं असतं, तर बोलावंसं वाटलं असतं, महाराज."

महाराज बिनमिशीचे, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. हातातलं सोन्याचं कडं काढून त्यांनी ठकूबाईला दिलं आणि हुकूम सोडला, यापुढे खासगी पत्रांचा मजकूर ठकूबाई सांगेल, पंत फक्त लिहितील.

तेव्हापासून मी मुदपाकखान्यात पाटावर बसून लिहितो. शुद्धलेखन तेवढं अजून माझ्याकडे आहे.